पिसं काढायचं पिंप

ब्रॉयलरला पिसं काढायचं मशीन लागतच नाही. आपल्याकडचा चिकनवाला मान कापतो, कोंबडी पिंपात टाकतो, फडफड थांबली की एक चीर देऊन पिसांसकट कातडं ओढून मोकळा होतो. कातडं गिऱ्हाइकालाही नको असतं. त्यामुळे चिकनची दुकानं गल्लोगल्ली झाली, तरी साध्या दुकानदाराला त्या मशीनची गरज कधी भासली नाही. गावरानचं तसं नाही. तिची सगळी चव कातड्यात. पिसं उपटायची, जाळावर भाजायची, हळद चोळून पुन्हा शेक द्यायचा, धुवायची आणि मगच तुकडे. सोललेली गावरान घरी नेली तर आमची थोरली वहिनी आजही ती आल्या पावली परत पाठवील. पुण्याजवळच्या आमच्या पुनावळ्यात पत्र्याच्या शेडमागं पिसं काढायची घरी बनवलेली जी पिंपं घुमताना दिसतात, ती या कातड्यापायी.

माझ्या लहानपणी हे काम परसात व्हायचं, आणि ते तीन माणसांत वाटलेलं होतं. कापायचा मान मुलाण्याचा. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यातल्या बलुतेदार-अलुतेदारांच्या पसाऱ्यात मुलाणाही आहे. घर हिंदूचं, नवस म्हसोबाचा, पण सुरी मुलाण्याची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्याला सुगीत खळ्यावरचं धान्य मिळायचं. पिसं काढायचं काम बायकांचं. शिजवायला मात्र पुष्कळ घरांत पुरुष बसायचे, कारण सागुतीची चूल वेगळी, भांडी वेगळी, आणि ती आतल्या चुलीला शिवायची नाहीत. कौतुक शिजवणाऱ्याचं व्हायचं. उकळत्या पाण्याच्या वाफेत बोटं भाजून घेणाऱ्या माझ्या आजीला कुणी ‘छान झालंय’ म्हटल्याचं मला आठवत नाही.

आजीकडे थर्मामीटर नव्हता. पाण्यात बोट भर्रकन बुडवून काढायची. तिसऱ्यांदा बुडवायचा धीर झाला नाही की पाणी झालं. पुढं मी मोजून पाहिलं तेव्हा ते ६० अंशांच्या जवळपास निघालं, आणि पोल्ट्रीची पुस्तकंही तेच सांगतात. पाणी यापेक्षा फार तापलं तर कातडं शिजतं आणि पिसाबरोबर सालपट निघून येतं. कमी तापलं तर पीस मुळात घट्ट राहतं. कोंबडी पायाला धरून पाऊण-एक मिनिट पाण्यात हलवत ठेवायची, पंखाचं लांब पीस ओढून बघायचं. ते लोण्यातून सुरी निघावी तसं सुटलं की झालं.

एक कोंबडी असली की हे सगळं ठीक असतं. सणावाराला, पाव्हणा आला म्हणून, आखाडात घरटी एक. परसातल्या कोंबड्याच मुळी दहा-बारा, रात्री डालग्याखाली झाकलेल्या. खडकीच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रातून आणलेली लेगहॉर्न आणि आर. आय. आर.ची पिल्लं काही घरांत होती, पण ती अंड्यांसाठी. १९७१ साली डॉ. बी. व्ही. रावांनी वेंकटेश्वरा हॅचरीज काढली, १९८२ साली अंड्यांच्या भावासाठी एनईसीसी उभी राहिली, पुणे ही देशातल्या कोंबडीधंद्याची एक राजधानीच होऊन बसली. आमच्या परसाला मात्र त्याचा फार काही धक्का लागला नाही. धक्का लागला तो परसच गेल्यावर.

१९९७ साली पुनावळे पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. बायपास झाला, शेजारी हिंजवडी वाढली, ज्वारीच्या रानात बारा-पंधरा मजले चढले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतल्या काहींनी उरलेल्या दोन-चार गुंठ्यांत शेड मारून गावरान पाळायला घेतली. गिऱ्हाईक समोरच्या टॉवरमधलं. ते कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून आलेलं, गावची चव आठवणारं, आणि फ्लॅटमध्ये कोंबडी भाजायची सोय नसलेलं. त्यातच २००६च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. चिकनची दुकानं ओस पडली. ती भीती ओसरली तरी आमच्या भागातल्या काही लोकांना एक सवय लागली ती लागलीच: कोंबडी डोळ्यांदेखत निवडायची, डोळ्यांदेखत कापून घ्यायची. असंच शेड मारलेला माझा पुतण्या एका रविवारी माझ्याकडे आला. म्हणाला, “तात्या, पंचवीस गिऱ्हाइकं उभी राहत्यात, आन् समद्यांना कातडीसकट पायजे. पिसं काढून बोटं सोलली. काहीतरी करा.”

हे तो मला म्हणाला, कारण मी फिटर. आणि मी फिटर झालो, कारण हा पट्टाच तसा. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, त्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आले. मोठ्या कारखान्यांच्या पोटात भोसरीचे छोटे शेड वाढले, आणि आसपासच्या गावांतली माझ्या पिढीची पोरं औत सोडून लेथवर गेली. तिथं ड्रॉइंग वाचायला शिकलो, पुली-बेल्टचं गणित शिकलो, आणि ‘विकत कशाला घ्यायचं’ ही खोड लावून घेतली. ती खोड रिटायर झाल्यावरही जात नाही, असं घरचे म्हणतात.

कल्पना माझी नव्हे. परदेशात पिसं काढणारी रबरी बोटांची मशीनं कधीचीच आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या हेरिक किंबल नावाच्या गृहस्थाने प्लास्टिकच्या पिंपातून घरच्या घरी असं मशीन कसं बनवायचं याचं आराखड्यासकट पुस्तक लिहिलं, आणि जगभरच्या परसातल्या कोंबडीवाल्यांनी ते उचललं. मला ते पोराने मोबाइलवर दाखवलं. बघताच म्हटलं, यात कुदळवाडीत मिळणार नाही असं काहीच नाही.

चिखलीजवळची कुदळवाडी म्हणजे तेव्हा आमच्या पट्ट्याचं भंगार-कोठार. निळं पिंप तिथलंच, पण निवडून घेतलेलं. केमिकलचं पिंप कितीही धुतलं तरी त्यात खायची वस्तू घालू नये. फळांच्या गराचं आलेलं पिंप मिळालं तर बघायचं, नाहीतर सरळ नवं घ्यायचं. कापून त्याची कमरेइतकी टोपली करायची. तळाला फिरती थाळी, अॅल्युमिनियमची किंवा एसएसची. साध्या लोखंडाची नको, गंजते. थाळीला आणि पिंपाच्या भिंतीला होल-सॉने भोकं पाडून त्यात रबरी बोटं ओढून बसवायची. मोटर एक एचपी, सिंगल फेज, १४४० आरपीएमची. मोटरवर दोन इंची पुली, शाफ्टवर बारा इंची, म्हणजे थाळी मिनिटाला २४० फेरे घेते. यापेक्षा फार जोरात फिरवली तर पंख मोडतात. २० एमएमचा शाफ्ट, दोन पी-२०४ बेअरिंग, ए सेक्शनचा बेल्ट. थाळी आणि भिंत यांच्यात बोटाएवढी फट ठेवायची. वरून पाण्याचा पाइप सोडला की पिसं त्या फटीतून खाली वाहून जातात. फट वाढली तर कोंबडीचा पायच तिथं अडकतो. पाणी आणि वीज इतक्या जवळ आल्यावर मोटर झाकलेली हवी, आणि अर्थिंग व ईएलसीबी नसेल तर मशीन चालू करायचंच नाही. यावर मी कुणाचंही ऐकत नाही.

खरी कसरत बोटांची. कुणी स्कूटरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या, कुणी पाण्याच्या होजचे तुकडे. पट्टी फटके मारते, पण पीस पकडत नाही. बोटाला आडव्या कड्या असतात, त्या पिसाला धरतात, आणि रबर वाकून सुटताना पीस घेऊन जातं. भोसरीतल्या एका रबर मोल्डिंगवाल्याला नमुना देऊन मी साचा करवून घेतला. काळं रबर कातड्यावर डाग सोडतं, म्हणून फिकं घ्यायला लावलं. आता तीच बोटं कुरिअरने घरपोच येतात.

पाणी तापवायला एसएसचं पातेलं, जुन्या गिझरची कॉइल आणि त्याचाच थर्मोस्टॅट. आजीचं बोट आता रिटायर. कापल्यावर कोंबडी उलटी धरायला पत्र्याची नरसाळी वाकवून भिंतीला ठोकली, म्हणजे फडफड होत नाही, पंख मोडत नाहीत, रक्त एका ठिकाणी उतरतं. एका बहाद्दराकडे या कामाला बायपासवरचा नारंगी कोन पाहिला. कुठून आणला ते मी विचारलं नाही. कापायला त्याच मुलाणी घराण्यातला मुलगा येतो. धान्य नाही, नगावर रोख घेतो. दोन कोंबड्या पिंपात टाकल्या की अर्ध्या मिनिटात उघड्या. बारीक लव राहते, ती गॅसच्या टॉर्चवर जळते आणि तोच भाजल्याचा वासही देते. वहिनी म्हणते, कडब्याच्या जाळाची सर नाही. खरं आहे, पण आता पुनावळ्यात कडबा आणायचा कुठून?

२०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडीतली हजारो शेड आणि गोदामं पाडली. अतिक्रमण होतं, प्रदूषण होतं, आगी लागत होत्या, सगळं मान्य. पण चार इंची पुलीचा जोड, घासलेला पण चालणारा शाफ्ट, अर्ध्या भावातली मोटर एका चकरेत मिळायची ती जागा गेली. त्यानंतर बनवलेल्या पिंपाला नवा माल घालावा लागला आणि खर्च जवळपास दुप्पट झाला. सोसायटीवाल्यांचीही तक्रार आली, कोंबडीची नव्हे, आवाजाची. तेव्हा फ्रेमखाली रबराचे पॅड घातले आणि रविवारी सातच्या आत मशीन चालवायचं नाही असं ठरलं. पुतण्याला आता दुसरं, मोठं पिंप हवंय, दीड एचपीचं. मी त्याला आधी वर्षभराचा हिशेब मांडायला सांगितलाय. आखाड एकच महिना असतो, त्यामागं श्रावण लागतो, आणि बँकेचा हप्ता श्रावण पाळत नाही.