कॅसेटवरचा पोपट

विलायती रॉक बँडचं गाजणारं गाणं ‘सिंगल’ म्हणून सुटं विकलं जाई. कल्याणच्या शिंदे घराण्याचं गाणं मात्र गाजलं ते कॅसेटवर.

प्रल्हाद शिंदे मूळचे मंगळवेढ्याचे. कव्वाली, भीमगीतं, भक्तिगीतं गाणारा त्यांचा पहाडी आवाज गावोगाव पोचला होता. १९८०च्या दशकात पुत्र आनंद शिंदे यांनी ‘नवीन पोपट हा’ गायलं आणि वरातीतल्या बँडवाल्यांनाही ते वाजवावंच लागलं. त्या एका गाण्यासाठी लोक अख्खी कॅसेट घेत. पुन्हा ऐकायचं तर रिवाइंडचं बटण दाबून अंदाजाने जागा शोधायची.

स्वस्त कॅसेटने मोठं काम केलं. सिनेमाची वाट न पाहता लोकगायक थेट चाळीतल्या टेपरेकॉर्डरपर्यंत पोचला.

प्रल्हाददादा २००४ मध्ये गेले. नातू आदर्श शिंदे आज मराठी सिनेमात गातात.