कोरोनाचे रुग्ण आणि बेडसोर: अंथरुणावरची जखम का होते आणि कशी टाळायची?

एप्रिल 2021. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मराठवाड्यात ऑक्सिजनची खाट मिळणे हीच मोठी गोष्ट होती. जालना जिल्ह्यातील रुग्णांसाठी जालन्याचे जिल्हा रुग्णालय आणि खासगी दवाखाने होते. तिथे भागले नाही तर साधारण 60 किलोमीटरवरचे औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) घाटी रुग्णालय गाठावे लागे. सगळ्यांचे लक्ष एकाच आकड्यावर असायचे: ऑक्सिजनची पातळी. हा आकडा सुधारून घरी आलेल्या काही रुग्णांच्या माकडहाडावर किंवा टाचेवर मात्र एक वेगळीच जखम असे. या जखमेला बेडसोर म्हणतात. मराठीत तिला शय्याव्रण असाही शब्द आहे.

बेडसोर म्हणजे काय?

शरीराचा एकच भाग बराच वेळ गादीवर दाबून राहिला, की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी व मांस चेपले जाते. सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांमधला दाब जेमतेम 32 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. बाहेरचा दाब त्याहून जास्त झाला आणि तसाच राहिला, तर तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि पेशी मरू लागतात.

निरोगी माणूस झोपेतही आपोआप कूस बदलतो, म्हणून त्याला ही जखम होत नाही. बेशुद्ध, गुंगीत असलेल्या किंवा फार अशक्त रुग्णाला मात्र स्वतःहून हलता येत नाही.

बेडसोरचे साधारण चार टप्पे मानतात:

- पहिला: कातडी शाबूत असते, पण लाल डाग पडतो आणि तो दाबला तरी जात नाही.
- दुसरा: वरची कातडी सोलवटते किंवा फोड येतो.
- तिसरा: जखम कातडीखालच्या चरबीपर्यंत जाते.
- चौथा: स्नायू किंवा हाड उघडे पडते.

कोरोनात धोका का वाढला?

एकाच रुग्णात अनेक कारणे एकत्र आली. फुप्फुसांच्या आजारामुळे रक्तातला ऑक्सिजन आधीच कमी झालेला असतो. कोरोनात बारीक रक्तवाहिन्यांमध्ये गुठळ्याही होत. ताप आणि तोंडाची गेलेली चव यांमुळे जेवण तुटते, अंगातले मांस झडते आणि हाडे वर येतात. मधुमेहाच्या रुग्णांची साखर स्टिरॉइडमुळे आणखी वाढली, तर जखम भरायला वेळ लागतो. त्यात मराठवाड्यातला एप्रिल-मे म्हणजे 40 अंशांवरचा उन्हाळा. रेक्झिनच्या गादीवर घामाने पाठ ओली राहते आणि ओली कातडी लवकर सोलते.

याशिवाय एक कारण माणसांचे होते. आपल्याकडे रुग्णाला कुशीवर वळवणे, पाठ पुसणे, चादर सारखी करणे ही कामे बहुतेक वेळा सोबतचे नातेवाईक करतात. कोविड वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नव्हता. पीपीई किट घातलेल्या मोजक्या परिचारिकांवर सगळा भार होता. ऑक्सिजन लावलेल्या, नळ्या जोडलेल्या एका रुग्णाला नीट वळवायला दोन-तीन माणसे लागतात. म्हणून अशा प्रत्येक जखमेला हलगर्जीपणा म्हणणे बरोबर नाही.

पालथे झोपवण्याचा पेच

पालथे झोपवल्याने फुप्फुसांच्या मागच्या भागात हवा चांगली जाते. प्रोसेव्हा नावाचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्हेंटिलेटरवरच्या गंभीर रुग्णांना रोज सलग किमान 16 तास पालथे ठेवले होते. त्यांच्यापैकी 28 दिवसांत 16 टक्के रुग्ण दगावले. उताणे ठेवलेल्या गटात हे प्रमाण 32.8 टक्के होते.

म्हणजे पालथे झोपवणे जीव वाचवते. मात्र त्याने दाब दुसरीकडे जातो: कपाळ, गाल, हनुवटी, छाती, गुडघे आणि पायाची बोटे. घट्ट मास्कमुळे नाकाच्या दांड्यावर आणि ऑक्सिजनच्या नळीमुळे कानामागेही जखम होऊ शकते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल 2021 मध्ये घरच्या घरी पालथे झोपण्याच्या सूचना दिल्या. एका स्थितीत अर्धा ते दोन तास राहावे आणि हाडांच्या जागी जखमा होत नाहीत ना हे पाहावे, असे त्यांत सांगितले होते.

पहिली खूण कशी ओळखायची?

लाल दिसणाऱ्या जागेवर बोट दाबून सोडावे. दाबल्यावर जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर रक्तपुरवठा चालू आहे. लाली तशीच राहिली, तर बेडसोरची सुरुवात समजावी. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. अशा वेळी ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा जांभळट आहे का आणि तिथे दुखते का, हे पाहावे.

काय करावे?

- साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. पूर्ण आडवे न करता पाठीमागे उशी लावून 30 अंश कलते ठेवावे.
- पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा गादीपासून अधांतरी ठेवाव्यात.
- वर सरकवताना रुग्णाला ओढू नये. दोघांनी चादरीसकट उचलावे.
- लघवी किंवा शौच झाल्यावर लगेच स्वच्छ करून अंग कोरडे करावे.
- डाळ, अंडी, दूध, मटकी अशी प्रथिने द्यावीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.
- हवेची गादी असली तरी कूस बदलावीच. वीज गेली की तिचा पंप बंद पडतो, हेही लक्षात ठेवावे.

काय टाळावे?

लाल झालेली जागा चोळू नये. आतल्या दुखावलेल्या पेशींना आणखी इजा होते. मधे भोक असलेली रबरी चकती किंवा पाणी भरलेले हातमोजे टेकू म्हणून वापरू नयेत, कारण त्यांच्या कडांवर दाब वाढतो. उघड्या जखमेवर हळद, पावडर किंवा राख टाकू नये.

डॉक्टरांकडे कधी जावे?

कातडी फाटली, काळी पडली, घाण वास किंवा पू येऊ लागला, ताप आला किंवा रुग्ण बरळू लागला, तर थांबू नये. जंतुसंसर्ग हाडात किंवा रक्तात गेला तर जिवावर बेतू शकते. गावात असाल तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच कळवावे.

रुग्णाला घरी आणताना त्याची पाठ, माकडहाड आणि टाचा एकदा परिचारिकेसोबत पाहून घ्याव्यात. पहिल्या टप्प्यात सापडलेला डाग दाब हटवल्यावर बहुधा काही दिवसांत बरा होतो. चौथ्या टप्प्यातली जखम भरायला मात्र महिने लागतात.