क्रीडा प्रशिक्षकाचे शिक्षण : छापील कोशापासून मिश्र अध्ययनापर्यंत

क्रीडा प्रशिक्षकाच्या शिक्षणात छापील साहित्याची जागा संगणकाने घेतली, असे सरसकट म्हटले जाते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत संपादित केले. मल्लखांबावरील अढी किंवा कुस्तीतील डाव अशा ग्रंथात चित्रासह समजावता येतो. परंतु चित्रात गतीचा एकच क्षण पकडला जातो. पकड नेमकी कधी सुटली, हे त्यातून उमगत नाही. ते उणेपण आखाड्यातील वस्ताद भरून काढीत असे.

पतियाळा येथे १९६१ साली राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली. (हॉकीपटू ध्यानचंद हे तेथे मुख्य प्रशिक्षक होते.) वर्गातील सिद्धांत आणि मैदानावरील प्रात्यक्षिक तेथील निवासी अभ्यासक्रमात एकत्र आले. मिश्र अध्ययनाचे बीज संगणकापूर्वीचेच होय. २०२० च्या टाळेबंदीत भारतीय क्रीडा प्राधिकरणाने प्रशिक्षकांसाठी ऑनलाइन कार्यशाळा घेतल्या, तेव्हा सिद्धांताचा भाग पडद्यावर गेला. चित्रफीत थांबवून, संथ करून पुन्हा पाहता येते. स्थिर चित्राची जुनी उणीव येथे खरोखर दूर होते. खांद्याला हात लावून चूक दुरुस्त करणे मात्र पडद्याला साधत नाही.

भाषेचा प्रश्न याहून कमी चर्चिला जातो. मजुमदारांच्या कोशात तालमीतील माणसाला आपलेच शब्द भेटत. इंग्रजीतील नव्या पाठांत त्याला प्रथम परिभाषेचा उंबरठा ओलांडावा लागतो.