पदमसींची हरवलेली फिल्म

अकबर पदमसी म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. १९५४ साली ‘लव्हर्स’ या चित्रावरून झालेला अश्लीलतेचा खटला, जो ते जिंकले. आणि २०१६ साली एकोणीस कोटींना विकलं गेलेलं ‘ग्रीक लँडस्केप’. मला त्यांची तिसरीच गोष्ट मोलाची वाटते. ती आज अस्तित्वातच नाही.

खोजा मुस्लिम कुटुंबातला, जे. जे. मध्ये शिकलेला हा मुंबईकर. १९६९ मध्ये त्यांना नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशातून त्यांनी मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उघडलं आणि आपला कॅमेरा इतरांच्या हाती दिला. चित्रकार, छायालेखक, मनोविश्लेषकसुद्धा तिथं येत. तरुण नलिनी मलानींनी सुरुवातीचे प्रयोग तिथंच केले. शिक्षक म्हणून मला हे औदार्य फार मोठं वाटतं.

तिथं पदमसींनी स्वतः दोन फिल्म केल्या. ‘सिझिजी’ म्हणजे नुसत्या रेघांची मूक फिल्म. ॲनिमेशन राम मोहन यांचं. दुसरी ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. इथं ना गोष्ट, ना पात्र. स्वतःच्याच एका तैलचित्रावरून सुचलेला भूप्रदेश त्यांनी स्टेन्सिल आणि स्लाइड प्रोजेक्टर वापरून, उजेडाचे आकार एकमेकांवर पाडून उभा केला. रंगाऐवजी उजेड.

नाव मात्र थेट भौतिकशास्त्रातलं. मी भाषेचा माणूस, त्यामुळे सोप्या शब्दांत सांगतो. बंद पेटीत बाष्पानं भरलेली हवा अचानक थंड केली आणि तिच्यातून विद्युतभारित कण गेला, की त्याच्या वाटेवर थेंब जमतात. प्रकाश टाकला की पांढरी रेघ दिसते. कण दिसत नाही, वाट दिसते. विल्सन यांना यासाठी १९२७ चं नोबेल मिळालं. स्कॉटलंडच्या डोंगरावर ढगांत पडलेली उन्हाची रंगीत वलयं पाहून ते या वाटेला लागले होते. आपल्याकडे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसणारं इंद्रवज्र, तेच हे. (उजेडाचं कौतुक आम्हाला काय सांगता, आमच्या गावाचं नावच गारगोटी! दोन गारगोट्या अंधारात घासून पाहा.)

फिल्मची प्रत एकच होती. दिल्लीच्या प्रदर्शनाला पाठवली, ती परत आलीच नाही. चित्राला विमा असतो, राखणदार असतो. फिल्मचं रीळ म्हणजे टपालातलं एक पार्सल. आपल्याकडे प्रयोगशील कामाची किंमत अशी होते, याचा मला राग येतो.

सुमारे चार दशकांनी दिग्दर्शक आशिम अहलुवालिया वृद्ध पदमसींकडे गेले आणि त्यांच्या आठवणीवरून ती पुन्हा घडवायचा प्रयत्न केला. तो माहितीपट २०१६ चाच, एकोणीस कोटींच्या लिलावाच्याच वर्षीचा. लिलावाची बातमी झाली. मूळ फिल्ममधला उजेड नेमका कसा सरकत होता, हे सांगू शकणारे पदमसी जानेवारी २०२० मध्ये गेले.