अंतराळयानातील पेयजलाची गुणवत्ता-तपासणी

अंतराळयानातील पेयजलाची गुणवत्ता-तपासणी म्हणजे अंतराळवीरांच्या पिण्याच्या पाण्यातील जंतू, रासायनिक अशुद्धी व जंतुनाशक द्रव्ये यांचे यानात आणि पृथ्वीवर केले जाणारे मापन होय. यानात पाण्याचा दुसरा स्रोत नसतो आणि प्रयोगशाळा दूर असते. त्यामुळे दोष वेळेत कळणे हा या तपासणीचा मुख्य हेतू असतो.

पार्श्वभूमी

अपोलो याने व स्पेस शटल यांत इंधनघटांमध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून पाणी मिळत असे. जंतुनाशक म्हणून अपोलोत क्लोरीन, तर शटलमध्ये आयोडीन वापरीत. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नोव्हेंबर २००८ मध्ये पाण्याच्या पुनर्वापराची यंत्रणा पोहोचली आणि मे २००९ पासून अंतराळवीर ते पाणी पिऊ लागले. श्वास व घाम यांचे बाष्प आणि मूत्र यांपासून हे पाणी तयार होते. २०२३ मध्ये सुमारे ९८ टक्के पाणी परत मिळविण्यात यश आले.

अशुद्धीचे स्वरूप

पृथ्वीवर विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यातील दोष बहुधा खडक, माती किंवा सांडपाणी यांतून येतात. यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात आढळणारे फ्लोराइड हे त्याचे उदाहरण होय. स्थानकावर मात्र प्रसाधने, प्लास्टिक व यंत्रांचे भाग यांतून हवेत मिसळलेली द्रव्ये बाष्पाबरोबर पाण्यात उतरतात.

तपासणीच्या पद्धती

शुद्धीकरण यंत्रणेतील संवेदक पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. ती मर्यादेबाहेर गेल्यास पाणी पुन्हा शुद्धीकरणाकडे वळविले जाते. स्वतंत्र उपकरणाने एकूण सेंद्रिय कार्बन मोजतात. जंतूंसाठी नमुना पोषक माध्यमावर ठेवून वाढ पाहतात; १०० मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म जंतू आढळता कामा नयेत. भारतीय मानक आयएस १०५०० मधील अटही हीच आहे. अमेरिकी विभागात आयोडीन, तर रशियन विभागात चांदी जंतुनाशक म्हणून वापरतात. त्यांचे प्रमाण विशिष्ट चकतीवर उमटणाऱ्या रंगाच्या गडदपणावरून ठरविता येते. ग्रामपंचायतीत क्लोरीनसाठी केली जाणारी ओ.टी. चाचणीही रंगाच्याच तत्त्वावर चालते.

२०१० मधील घटना

२०१० मध्ये स्थानकावरील पाण्यात एकूण सेंद्रिय कार्बनचे प्रमाण वाढू लागले. उपकरणावरून वाढ दिसत होती. परंतु ती कोणत्या द्रव्यामुळे, हे त्यावरून कळू शकत नव्हते. पृथ्वीवर आणलेल्या नमुन्यांच्या विश्लेषणातून ते द्रव्य डायमिथाइलसिलेनडायॉल असल्याचे निष्पन्न झाले. प्रसाधनांसारख्या वस्तूंतील सिलिकॉनयुक्त संयुगांच्या विघटनातून ते तयार होते. आढळलेल्या प्रमाणात ते आरोग्यास घातक नव्हते. शुद्धीकरणाचे गाळणस्तर बदलल्यावर कार्बनचे प्रमाण पुन्हा खाली आले.

महत्त्व

स्थानकावरील नमुने परतणाऱ्या यानातून पृथ्वीवर पाठविता येतात, मात्र निष्कर्ष मिळेपर्यंत बराच काळ जातो. मंगळमोहिमेत ही सोय नसेल. म्हणून अशुद्धीचे केवळ प्रमाण नव्हे, तर तिचे नेमके स्वरूपही यानातच ओळखणारी लहान उपकरणे आवश्यक ठरतात. भारताच्या गगनयानाची मानवी मोहीम काही दिवसांचीच असल्याने सोबत नेलेले पाणी पुरू शकते. २०३५ पर्यंत नियोजित भारतीय अंतरिक्ष स्थानकावरील दीर्घ मुक्कामासाठी मात्र पुनर्वापर आणि तपासणी या दोन्हींना महत्त्व येईल.