मेटॅलॅक्सिल : प्रतिबिंबरूपांचे विलगन व तुलना

द्राक्षावरील केवडा, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतला ‘डाऊनी’, आणि बटाट्यावर उशिरा येणारा करपा यांसाठीचे आंतरप्रवाही बुरशीनाशक. सीबा-गायगी या स्विस कंपनीने ते १९७७ मध्ये आणले. केवड्याचा प्लास्मोपारा व्हिटिकोला हा ऊमायसीट गटातला, खरी बुरशी नव्हे. भुरी खऱ्या बुरशीमुळे होते आणि तिच्यावर हे औषध चालत नाही.

दौलताबादला द्राक्षे वर्षातून दोनदा येतात, असे इब्न बतूताने चौदाव्या शतकात नोंदवले. आज महाराष्ट्रात छाटण्या दोन होतात, पीक एकच घेतात. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर पाऊस झाला की केवडा घडांपर्यंत पोचतो.

रेणूतील एका कार्बन अणूला चार वेगळे गट जोडलेले असल्याने मेटॅलॅक्सिलची ‘आर’ आणि ‘एस’ अशी दोन प्रतिबिंबरूपे होतात. वितळबिंदू व विद्राव्यता सारखीच, त्यामुळे नेहमीच्या रीतींनी ती सुटी होत नाहीत. पाश्चर यांनी १८४८ मध्ये द्राक्षमद्याशी निगडित टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक चिमट्याने निवडून अशी रूपे सुटी केली. ते भाग्य प्रत्येक संयुगाला नसते. आता सेल्युलोज किंवा अमायलोजच्या अनुजातांचा लेप दिलेल्या सिलिकाच्या स्तंभातून नमुना सोडतात. लेपच असममित असल्याने एक रूप त्यात जास्त वेळ रेंगाळते. सुटी झालेली रूपे ध्रुवणमापकावर ओळखून रोगकारकावर स्वतंत्रपणे अजमावतात.

तुलनेत जवळजवळ सारे काम ‘आर’चे ठरले. ते रूप प्रामुख्याने असलेले मेटॅलॅक्सिल-एम १९९६ मध्ये आले. भारतातील पुड्यांवरही हिशेब वाचता येतो: ६४ टक्के मॅन्कोझेबच्या जोडीला जुने मेटॅलॅक्सिल ८ टक्के, मेटॅलॅक्सिल-एम फक्त ४. म्हणजे जुन्या फवारणीतले निम्मे मेटॅलॅक्सिल बागेत जवळपास फुकट जात होते.

मातीतही दोन्ही रूपांच्या विघटनाची गती वेगळी. युरोपीय मातींवरील प्रयोगांत सामू ५ च्या वर ‘आर’ लवकर विघटित झाले, अतिआम्ल मातीत ‘एस’. मराठवाड्याची काळी जमीन बहुधा विम्लधर्मी असते. तेव्हा येथेही ‘आर’च आधी संपावे, हा केवळ तर्क.

मात्रा निम्मी झाली तरी प्रतिकाराचे दुखणे सुटलेले नाही. बटाट्याच्या करप्यात तो १९८० मध्येच युरोपात दिसला होता, आणि दोन्ही उत्पादनांचा मारा रोगकारकाच्या एकाच ठिकाणी, आरएनए-निर्मितीवर, आहे. एकाला न जुमानणारा रोगकारक दुसऱ्यालाही जुमानत नाही. अवशेषांच्या बाबतीतही रूपांत भेद होत नाही: युरोपीय संघाची मर्यादा दोन्ही रूपांच्या बेरजेवर ठरते.