देहूच्या पेठेतील तुकोबांचे दुकान

श्रीक्षेत्र देहू येथील मोरे घराण्याकडे पेठेची महाजनकी होती. वाण्याचे दुकान व सावकारी हा पिढीजात व्यवसाय. थोरले बंधू सावजी विरक्त, म्हणून दुकानाचा भार लहान वयातच तुकोबांवर आला. 1630 च्या सुमारास भीषण दुष्काळ पडला. दुकानाचे दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. तुकोबांनी स्वतःच हे अभंगांतून सांगितले आहे. उधारीची खते मात्र घरात शिल्लक होती. परंपरा सांगते, की धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा हिस्सा त्यांच्या स्वाधीन करून तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. (अभंगांच्या वह्यांचा प्रसंग नंतरचा व निराळा.) ऋणको सुटले, भावाच्या हक्काच्या एकाही खतास त्यांनी हात लावला नाही, हे आम्हांस विशेष वाटते.